येळवस होईपर्यंत

५ ऑक्टोबर, रविवार

सदर गेलं. म्हणजे पानावरची जागा तीच, मजकूर बदलला. नवे संपादक पुण्याहून आलेत. म्हणाले, मॅडम, टोमणे पुरे. टोमण्यांनी नोटिसा येतात, वांग्यांनी येत नाहीत. पुढच्या रविवारपासून 'घरच्या घरी सेंद्रिय बाग' लिहा.

मी म्हटलं, मला बाग नाही. म्हणाले, महापालिकाही तुमची नव्हती, तरी इतकी वर्षं लिहीत होतातच की.

माणूस वाटला होता तेवढा बिनडोक नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर

गच्चीवर जाऊन आले. पाण्याच्या टाक्या, सेक्रेटरींच्या सोलरच्या नळ्या, कुणाची तरी तीन पायांची खुर्ची, आणि ऊन. पापड वाळत घातला तर खाली उतरेपर्यंत भाजून तयार.

लिहायच्या आधी एकदा करून बघावं, एवढा प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे. कुंड्या, ग्रो बॅगा, शेडनेट आणि कोकोपीटच्या विटा आणल्या. शिवपुत्रनी सगळं जिन्यानं वर नेलं. नवऱ्याचा हा गुण मानला पाहिजे — ओझं कसलं आहे हे ते कधी विचारत नाहीत.

अव्वांनी कोकोपीटची वीट हातात घेतली. वास घेतला.

"हे काय?"

"माती. म्हणजे मातीऐवजी."

"इकत?"

"विकत."

वीट खाली ठेवली आणि जाऊन हात धुतले.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, शिवम्मा. जुलैत मैंदर्गीच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. संध्याकाळी पडल्या त्या सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच. डॉक्टर म्हणाले, यापुढे एकटं ठेवायचं नाही, पुन्हा पडल्या तर मनगटावर भागणार नाही. अव्वा म्हणाल्या, येळवसापर्यंत राहीन. येळवस आपल्या शेतात. मग मी तितंच.

येळवस, म्हणजे आमच्याकडचा शेतातला सण, १९ डिसेंबरला आहे. कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल मी काढला. जरा मोठाच झाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला लेख छापून आला. 'पाणी वाचवा, बाग फुलवा.' आपल्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता बादलीत साठवावं आणि संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, झाडाच्या बुंध्याशी घालावं. पानांवर नको. भर दुपारी तर अजिबात नको.

सल्ला खरा आहे. ती बादली मी जिन्यात सांडली हे लिहिलं नाही. खालच्या मजल्यावरचे घसरता घसरता वाचले. तेही लिहिलं नाही.

१५ ऑक्टोबर

मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. कबुतरांनी खाल्ली. सगळी. उरलेल्या चार दाण्यांना मुंग्या लागल्या. ही बाग सेंद्रिय आहे याबद्दल कुणाला शंका नसावी.

२० ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. पहाटे अव्वांना तेल लावलं, उटणं लावलं, न्हाऊ घातलं. मनगट अजून वळत नाही, पाठीपर्यंत हात जात नाही. पाठ केवढीशी राहिली आहे. "तेल लई गरम हाय" म्हणाल्या. बाकी काही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

लेखाचं शीर्षक: 'फराळाच्या ताटात आपल्या बागेची कोथिंबीर.' दोन वाचकांनी फोन करून अभिनंदन केलं. कोथिंबीर मंडईतली होती. त्यांनी तसं विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज अव्वा गच्चीवर आल्या. एकेका पायरीवर थांबत, प्रत्येक मजल्यावर बिल्डिंगला नावं ठेवत. वर येऊन कुंड्यांकडे पाहिलं.

"चाच्या कपात शेती करतीस व्हय?"

मी म्हटलं, शेती नाही, बाग. त्यांनी ऐकलं नाही. धुळाप्पाला फोन लावायला सांगितला — त्यांची मैंदर्गीची जमीन वाट्यानं करतो तो. अर्धा वेळ कन्नडमध्ये बोलल्या. माझं कन्नड 'ऊट आयतू?'च्या पुढे जात नाही. म्हणजे समोरचा जेवला की नाही एवढंच मला कळू शकतं.

४ नोव्हेंबर

एस.टी.च्या टपावरून काळ्या मातीची दोन पोती आली.

माती कोकोपीटमध्ये मिसळली. थोडं वाळलेलं शेण, मूठ-मूठ निंबोळी पेंड. पेरल्यावर वरून शेंगांच्या टरफलांचा थर दिला. इथे शेंगाचटणीवाल्यांकडे टरफलांचे ढीग पडलेले असतात, नेतो म्हटलं की उपकार मानतात. थरामुळे ओल टिकते आणि कबुतरांना बी दिसत नाही. हा माझ्या लेखमालेतला पहिला खरोखर करून बघितलेला सल्ला.

मग अव्वांनी जुन्या टबात शाळू पेरला. ज्वारी. गच्चीवर. मी म्हटलं, घरच्या बागेत ज्वारी कुणी लावत नाही.

"शाळू न्हाई ते शेत कसलं? येळवस झाली की मी चालले."

त्या तशाही जाणारच आहेत. धमकी म्हणून याचा उपयोग काय होतो ते कळत नाही. पण करतात.

९ नोव्हेंबर, रविवार

समोरच्या माजिदाचा भाऊ इसूफ मंद्रूपला असतो, त्याच्याकडे शेळ्या आहेत. माजिदानं त्याच्याकडून लेंड्यांचं पोतं आणवलं. देताना बजावलं, "भाभी, ताजं हाय हे. महिनाभर पडू द्या एका बाजूला. मग घाला."

अव्वांचं म्हणणं, शेतात मेंढरं बसवतो तवा काय महिनाभर थांबतो का आपण? दोन बायकांमध्ये मी कुणाचं ऐकलं हे सांगायला नको. एक समोरच्या दारात राहते आणि एक माझ्या स्वयंपाकघरात.

१३ नोव्हेंबर

टोमॅटोची रोपं जळाली. कडेनं पिवळी, मग तपकिरी, मग नाहीतच.

अव्वा म्हणाल्या, टोमॅटोच नाजूक निघाला.

रविवारसाठी लिहिलं: 'ताजं लेंडीखत उष्ण असतं. ते पूर्ण कुजल्याशिवाय, हाताला भुसभुशीत लागेपर्यंत, कुंडीत घालू नये. शेताच्या काळ्या रानात जे पचतं ते बादलीएवढ्या मातीत पचत नाही.' खाली 'एका वाचक भगिनीचा अनुभव' असं टाकलं. छापायच्या आधीच माजिदानं वाचलं. नुसती हसली. टोमॅटोची नवी रोपंही तिनंच आणून दिली.

१८ नोव्हेंबर

शाळू वीतभर आला तशी कबुतरं परतली. अव्वांनी शिवपुत्रच्या जुन्या पायजम्याच्या नाडीची आणि चादरीच्या चिंधीची गोफण केली. डाव्या हातानं. मनगट मोडलंय उजवं.

पहिला दगड हवेत गेला. दुसरा सेक्रेटरींच्या सोलरच्या नळीत.

सेक्रेटरी वर आले. बिल्डिंगचे नियम, गच्चीची मालकी, वॉटरप्रूफिंग, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, एक जानेवारीपर्यंत हे सगळं हलवा. अव्वांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमचं गाव कंचं?" त्यांनी गाव सांगितलं. "शेत हाय?" विकलं म्हणाले. "मग बरोबर" म्हणाल्या, आणि पुन्हा कबुतरांकडे वळल्या.

मी इतकी वर्षं सदर लिहिलं. असं दोन शब्दांत मला कधी जमलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मेथीची पहिली जुडी. मुळासकट उपटली नाही, कात्रीनं वरून कापली. म्हणजे पुन्हा फुटते. मिरचीवर मावा दिसला, त्यावर निंबोळी अर्क फवारला — संध्याकाळी, आणि पानांच्या खालच्या बाजूनं. सगळे वरून फवारतात. किडे खाली राहतात.

जेवताना शिवपुत्र म्हणाले, अव्वाला राहा म्हण.

"तुम्ही म्हणा की. आई तुमची आहे."

"मी म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, तू काय, तूबी हितं जेवायलाच येतोस. घर बाईचं असतंय. तिनं म्हणाय पायजे."

मी आमटी वाढली. आयुक्तांना मी काय काय म्हटलंय. एका आमदाराला तर वर्षभर त्याच्याच भाषणांतून सोलून काढलं. पण बावीस वर्षांत अव्वांनी माझ्या भाकरीला एकदाही बरी म्हटलेलं नाही, आणि मीही त्यांच्यापुढे कधी पडतं घेतलेलं नाही. हा आमचा व्यवहार व्यवस्थित चाललाय. त्यात एकदम 'राहा' कुठे घुसवू?

१ डिसेंबर

कॅलेंडरचं पान उलटलं. लाल गोल समोर आला. त्या खिळ्याला भाजीची पिशवी अडकवली.

७ डिसेंबर, रविवार

संपादकांना येळवस समजावून सांगावी लागली. पुण्यात नसते. म्हटलं, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या शेतात जायचं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड, ते पांडव. भज्जी ही मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, खीर. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील मडक्यातून न्यायची, पिकावर शिंपायची, आणि वाटेनं जाईल त्याला बोलावून जेवू घालायचं. ज्याला शेत नाही तो आमंत्रणाची वाट बघतो.

म्हणाले, छान आहे, यावर तीनशे शब्द द्या. पण बागेशी जोडा.

१४ डिसेंबर, रविवार

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. मनगट जुळलं. पुन्हा तेच म्हणाले — एकटं नको. अव्वांनी त्यांना मैंदर्गीच्या हवेबद्दल सांगितलं.

घरी येऊन पिशवी भरायला काढली. धुळाप्पा अठराला सकाळी जीप घेऊन येणार, त्याच्याशी बोलणं झालंय म्हणाल्या. दोन लुगडी घडी करून ठेवली. इष्टलिंगाची डबी ठेवली. मी दारात उभी होते. तोंड उघडलं.

"चहा टाकू का?" निघालं.

"टाक की."

पलीकडच्या खोलीत शिवपुत्र पेपर वाचत होते. पान उलटलेलं ऐकू आलं नाही.

१७ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण मी जे केलं ते शहाण्या माणसाला जमणार नाही.

आंबट ताक ही माझी सध्याची आवडती टिप. ताक मातीच्या मडक्यात आठवडाभर आंबवायचं, दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. मिरचीचा फुलोरा टिकतो, बुरशी लागत नाही. माझं मडकं गच्चीवर टाकीच्या सावलीत असतं, तोंडाला फडकं बांधलेलं.

आज सकाळी फडकं सोडलं. ताक दाट वाटलं. पंपात भरलं तर नोझल चोंदलं. म्हटलं, जास्तच आंबलंय. चांगलंय. बादलीत पाणी घालून घोळलं आणि मगानं सगळ्या कुंड्यांना घातलं. मेथी, मिरची, टोमॅटो. शाळूलाही. उरलेलं कढीपत्त्याला. मडकं पालथं घालून निथळलं.

मग शेजारी पाहिलं. तिथे आणखी एक मडकं. फडकं बांधलेलं. त्यात माझं ताक.

खाली आले. अव्वांना विचारलं, तुमची आंबील कुठे आहे? म्हणाल्या, घरात गारठा हाय, आंबंना. काल वर उन्हाला नेऊन ठिवली.

सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या लिहिल्यात, सांगितली ही पहिलीच. म्हटलं, आत्ता नवी करते. म्हणाल्या, परवापर्यंत आंबत न्हाई. म्हटलं, माजिदाकडून आंबट ताक आणते, त्यात पीठ—

"मडकं एकच असतंय, माला. एकदा शिंपलं की झालं."

"चुकून घातलं हो अव्वा. ते काही शिंपणं नव्हे."

"पिकावर पडली न्हवं?"

"पडली."

"मग झालं की. जितं आंबील पडली ते औंदाचं शेत. आता तितं जाऊन शेताला काय सांगू, तुजा घास दुसरीकडं सांडला म्हणून?" भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "होगली बिडु."

म्हणजे जाऊ दे, सोड. एवढं कन्नड मला येतं, कारण या घरात ते मला कुणी कधी म्हटलं नव्हतं आणि मी वाट बघत होते.

येळवस गच्चीवर करायची ठरलं. धुळाप्पाला मीच सांगते म्हणाल्या. भरलेली पिशवी कॉटखाली सरकवली. शिवपुत्र एकदम उठून कडबा आणायला गेले. कुणी पाठवलं नव्हतं.

१८ डिसेंबर

विजापूर नाक्याहून कडबा आला. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कडबा नेण्याविरुद्ध नियम नाही, कारण लिफ्ट नाही. पांडवांसाठी दगड शोधले. टाकीखाली बांधकामाच्या विटांचे तुकडे होते. अव्वांनी त्यांना चुना लावला, काव लावली. म्हणाल्या, पांडवबी वनवासात काय मिळंल त्यात राहिले.

आंबील पुन्हा केली, पिण्यापुरती. शिंपायची नव्हे. फरक त्यांनी सांगितला, मी मान हलवली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस.

शेडनेटच्या बांबूंना कडबा टेकवून कोप केली. भज्जीत आमची मेथी, आमची कोथिंबीर. वाटाणा, तूर, हरभरा मंडईतले — पण आज मला कुणी तसं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. माजिदा आणि तिचा नवरा शाकीर आले. माजिदानं बाजरीचे उंडे वळले. तिचे माझ्यापेक्षा गोल झाले, हे अव्वांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

शिंपण झालेली होती, तरी अव्वांनी पळी घेतली आणि कोपीभोवती फिरत येळवशीची आरोळी दिली. "ओलगे ओलगे, सालम पलगे!" या वयात एवढा आवाज. शिवपुत्रनी उत्तर दिलं. पंचावन्न वर्षांचा बँकेतला माणूस, गच्चीवर, कडब्यात. मग मी दिली. माझी बारीक निघाली. दुसऱ्यांदा बरी.

आरोळी ऐकून सेक्रेटरी आले. हातात नियमांची झेरॉक्स. अव्वा म्हणाल्या, शेतात आलेला माणूस जेवल्याबिगर जात न्हाई, बसा. त्यांनी उभ्यानं दोन वाक्यं बोलून पाहिली. मग बसले. भज्जी तीनदा घेतली. आंबील पिताना डोळे मिटले. त्यांच्या शेतात कोप कुठे घालायचे ते सांगू लागले — विहिरीच्या अंगाला, बाभळीखाली. बराच वेळ सांगितलं. झेरॉक्स पत्रावळीखाली राहिली. वाऱ्यानं पत्रावळ उडत होती.

एक जानेवारीचं काय, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

लेखाला नाव दिलं 'गच्चीवरची येळवस'. तीनशे शब्द मागितले होते, नऊशे छापले. संपादकांचा फोन — अव्वांचा फोटो आहे का? अव्वा म्हणाल्या, फोटो कशाला, शाळूचा घाल.

संध्याकाळी गच्चीवर त्या टबाशी बसल्या होत्या. कणसं नाहीत अजून, नुसती पानं. म्हणाल्या, "येळवस जितं केली तितली राखण करायला लागतिया. सुगीपतोर. तुला जमायचं न्हाई, तुजा नेम न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"मग मलाच ऱ्हावं लागल."

"लागेल खरं," मी म्हटलं. आणि मग, वाऱ्यात उडून जाईल इतक्या हळू, "राहा की."

"ऐकू आलं न्हाई."

"राहा म्हटलं."

"वरडतीस कशाला? हितंच हाय मी."

कॅलेंडरवरची पिशवी काढली. लाल गोल फार काही मोठा नाही.

२७ डिसेंबर

धुळाप्पाचा फोन. अव्वांच्या दोन पेट्या आणि जातं घेऊन कधी येऊ, विचारत होता. म्हटलं, घाई नाही, असू दे तिथंच घरात. जीपचं तुझं बुकिंग बुडालं असेल अठराला, त्याबद्दल माफ कर.

"कंची जीप, वैनी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन् सामान घरात कसं ठिवू? घर तर दिलंय की भाड्यानं. शाळंतल्या बाईंना. अव्वानीच फोन करून सांगितलं — आता मी सोलापुरातच, परत यायची न्हाई. तवा, दिवाळीत."

दिवाळीत गच्चीवर पीक म्हणून काहीच नव्हतं. रिकाम्या कुंड्या होत्या. आणि मी.